घट बसले

भाद्रपदाचा वद्य पक्ष निम्मा सरला की सोलापूर, बार्शी, तुळजापूर या पट्ट्यात बायका एकमेकींना विचारू लागतात, 'दसरा काढला का?' दसरा अजून पंधरा-वीस दिवसांवर असतो. दसरा काढणं म्हणजे घर मुळापासून धुऊन काढणं. वाकळा-गोधड्या विहिरीवर जातात, उतरंडी खाली येतात, चुलीमागची काजळी खरवडली जाते, भिंती पोतारल्या जातात. शहरात आता हे काम वॉशिंग मशीनवर होतं, पण बोलताना आम्ही अजून 'दसरा काढला' असंच म्हणतो. सर्वपित्री अमावस्येला पितरांचं पान वाढून झालं की घर स्वच्छ आणि रिकामं होतं. मग रानातून माती येते.

नवरात्राचा खरा आरंभ या मातीपासून होतो असं मला वाटतं. देवीची शस्त्रं, तिचा सिंह, पायाखालचा महिषासुर या सगळ्याच्या आधी उंबऱ्यातून आत येते ती पाटीभर काळी माती. ती आपल्या रानातली असावी असा आग्रह असतो. ज्यांना रान नाही ते दुसऱ्याच्या रानातून मागून आणतात आणि घटाला माती मागणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही. पुण्यात अमावस्येच्या आदल्या दिवसापासून चौकाचौकांत ती पिशव्यांतून विकायला असते. शेजारी सात धान्यांची पुडी, पत्रावळ आणि मातीचे घट मांडलेले. मी पुष्कळ वर्षं पुण्यात राहते, तरी आमची माती गावाकडूनच येते. एसटीनं येणारं कोणी ना कोणी ती पिशवी मांडीवर धरून आणतं.

मांडणी साधी असते. पाटावर इस्तारी ठेवायची, म्हणजे पत्रावळ. तिच्यावर चाळलेल्या मातीचा दोन-तीन बोटं जाड थर. त्यात गहू, ज्वारी, सातू, करडई, हरभरा, जवस असं घरात जे असेल ते धान्य पेरायचं आणि वरून पुन्हा माती भुरभुरायची. मधोमध मातीचा घट, आत पाणी, हळकुंड, सुपारी, नाणं. तोंडाशी विड्याची पानं आणि वर शेंडीचा नारळ. घट मातीचाच का, हे पहिल्या दिवशीच कळतं. भाजलेल्या मातीच्या अंगातून पाणी झिरपतं. घट भरल्यावर थोड्या वेळानं त्याच्या पोटाला ओल धरते, ती खाली उतरते आणि भोवतीच्या पेरणीला पोचते. तांब्याचा कलश ठेवणाऱ्यांना रोज हातानं पाणी शिंपडावं लागतं. मातीचा घट लागेल तेवढंच पाणी सोडतो, घाई करत नाही. सकाळी त्यात चूळभर पाणी घातलं की दिवस निघतो. उत्साहानं जास्त ओतलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुबट वास येतो, दाणे कुजतात, वर पांढरी बुरशी धरते.

नवरात्रात आमच्याकडे तिथी सांगत नाहीत, माळ सांगतात. 'आज पाचवी माळ.' रोज एक माळ घटावर सुटते. पहिली विड्याच्या पानांची, पुढे तरवडाच्या पिवळ्या फुलांची, कारळ्याची, झेंडूची, शेवंतीची. हीच फुलं का, याची शास्त्रोक्त कारणं शोधण्यापेक्षा बांधावर नजर टाकावी. त्या दिवसांत तिथे तीच फुललेली असतात. सातव्या-आठव्या माळेला कडाकण्या होतात. पिठात गुळाचं पाणी घालून लाटलेल्या, तळून कडक केलेल्या या पातळ पुऱ्या दोऱ्यात ओवून घटावर टांगतात. त्याच पिठाची वेणी, फणी, आरसा, करंडा, पाळणा करायचा. हा फुलोरा. देवीला ज्या वस्तू द्यायच्या त्या घरातल्या लेकीला द्यायच्या वस्तू आहेत, हे तो टांगताना दर वर्षी जाणवतं.

दुसऱ्या माळेला मातीवर काहीच दिसत नाही. तिसऱ्या माळेला माती जागोजाग उकलते आणि सुईच्या टोकाएवढे पांढरे कोंब वर येतात. पाचव्या माळेला ते बोटभर होतात. देवघर अंधारं असेल तर ते हिरवे होत नाहीत, पिवळेच राहतात, कारण हिरवेपणाला ऊन लागतं. उजेडाच्या ओढीनं ते भराभर उंच होतात आणि नवव्या माळेला घटाभोवती पिवळी दाटी उभी राहते. लोक तिला सोनं म्हणतात. एवढ्या दिवसांत त्या कोंबांनी बाहेरून फक्त पाणी घेतलेलं असतं. त्यांचं अन्न दाण्यातच साठवलेलं होतं आणि तेच खाऊन ते वाढले. पेरल्यानंतर दोन दिवसांनी फुगलेला दाणा दाबला तर पांढरा चीक निघतो. दसऱ्याला तुरा उपटून तोच दाणा दाबावा, तर हाताला नुसतं टरफल लागतं. दाणा पुरता रिकामा झालेला असतो. कलश म्हणजे ब्रह्मांड, घट म्हणजे देह, नऊ रात्री म्हणजे गर्भातले नऊ महिने असे अर्थ प्रवचनांतून ऐकायला मिळतात आणि ते मला मान्यही आहेत. पण बोटांत ते टरफल धरलं की त्यातला देण्याचा भाग ज्या ताकदीनं कळतो, तसा मला दुसऱ्या कशानं कळलेला नाही.

घट बसतात त्याच वेळी घरातले देवही बसतात. एरवी देवांना रोज अंघोळ घातली जाते, वस्त्र बदललं जातं, गंध लागतं. प्रतिपदेला कुलदैवतांचे टाक विड्याच्या पानांवर ठेवले की दसऱ्यापर्यंत त्यांना हलवायचं नाही. अंघोळ नाही, जागा बदलणं नाही. वरूनच फूल वाहायचं, हळद-कुंकू वाहायचं. कोणी उठता-बसता उपवास करतं, कोणी नऊ दिवसांचा. कोणी पायात चप्पल घालत नाही, कोणी गादीवर झोपत नाही, पुरुष दाढी करत नाहीत. कुळाचाराप्रमाणे काही घरी घट पूर्ण नऊ दिवस, काही ठिकाणी पंचरात्र, त्रिरात्र, तर काही ठिकाणी एकरात्रच असतो. सिंधुदुर्गाकडे हीच पेरणी रुजवण म्हणून होते. गोव्यातल्या देवळांत देव मखरात बसतात आणि रात्री आरतीच्या वेळी मखर झुलवलं जातं. रीत ठिकठिकाणी वेगळी. माझ्या डोळ्यांसमोर मात्र आमच्या घरचा तो पाट असतो आणि त्या पाटासमोर हात आवरून बसणं.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात मी दर दोन तासांनी घटाशी वाकून बघत होते. त्या परातीत कणीक मळत म्हणाल्या, "पेरलं ना? आता हात काढून घ्यायचा, बाई. सारखं उकरून बघितलं तर उगवंल का?" नवरात्राबद्दल पुढे मी बरंच वाचलं, विद्वानांना ऐकलं. पण व्रताचा गाभा त्या एका वाक्यात होता. इतर सणांत भक्ती म्हणजे काहीतरी करणं असतं: सजवणं, रांधणं, नाचणं, मिरवणं. इथे आधी नीट पेरायचं, मग रोज लागेल तेवढं पाणी आणि तेल द्यायचं, आणि बाकीचं ज्याचं त्याला करू द्यायचं. वाट पाहणं हीच इथली उपासना. मुलं वाढवताना, आजारी माणसाच्या उशाशी बसताना, एखाद्यावर विसंबताना हाच संयम लागतो आणि तो मला फार अवघड जातो. म्हणून हे नऊ दिवस मला हवेसे वाटतात.

पाणी घटाला आणि तेल दिव्याला. नंदादीप नऊ दिवस अखंड ठेवायचा असतो, म्हणजे रात्री कोणीतरी उठायला हवं. वातीवर काजळी साचली की ती झाडण्याआधी त्याच ज्योतीवर शेजारची छोटी निरांजन पेटवून घ्यायची; मोठी वात झाडताना विझली तर छोटीवरून पुन्हा लावायची. ज्योत तीच राहते. पूर्वी हे काम घरच्या बाईकडेच असे. आता आमच्याकडे पहाटेची पाळी माझ्या मुलाकडे आहे आणि तो अलार्म लावून उठतो. दिवा विझला तर वर्ष वाईट जातं, ही धास्ती मी अनेक घरांत पाहिली आहे. वाऱ्यानं दिवा शांत झाला म्हणून एक बाई दिवसभर रडत बसलेली पाहिली आहे. तिच्या मनात ही भीती ज्यांनी भरली त्यांनी देवीचं काही भलं केलं नाही. घरातलं एक माणूस रात्री जागं राहावं, एवढ्यासाठी तो दिवा आहे. विझला तर हात जोडावेत आणि लावावा.

शहरातल्या नवरात्राला हल्ली नऊ रंग आले आहेत. वर्तमानपत्रांनी ती चाल रूढ केली. लोकलमध्ये, बँकेत, शाळेत एका रंगाच्या साड्या नेसलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसतात तेव्हा मलाही आनंद होतो. त्याचा घटाशी संबंध नाही, एवढंच.

देवीच्या युद्धाची कथा ज्या सप्तशतीत आहे, तो मार्कंडेयपुराणाचा भाग. 13 अध्याय. महिषासुर तिसऱ्याच अध्यायात मारला जातो, शुंभ-निशुंभांचा वध पुढे होतो. पाठ करणाऱ्यांचा आवाज युद्धाच्या अध्यायांत चढतो. मला ओढ असते ती अकराव्या अध्यायाची. युद्ध संपलं आहे, देव तिची स्तुती करत आहेत आणि ती पुढच्या काळाबद्दल सांगते आहे. शंभर वर्षं पाऊस पडणार नाही, पृथ्वीवर पाणी उरणार नाही, तेव्हा मी येईन, शंभर डोळ्यांनी मुनींकडे पाहीन, आणि पाऊस येईपर्यंत माझ्याच देहातून उगवलेल्या भाज्यांवर सगळ्या जगाला जगवीन, आणि मला शाकंभरी म्हणतील. ज्या देहानं असुर मारले त्याच देहातून भाजीपाला उगवतो. दाण्याचं टरफल रिकामं होतं ते याच रीतीनं. घटाची माती आणि सप्तशतीची पोथी एकाच पाटाशी का ठेवतात, हे मला या अध्यायात समजलं.

आमच्या भागाला ही कथा परकी नाही. आत्या 1972च्या दुष्काळात नव्या नवऱ्या होत्या. घरातली सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. रेशनला लाल मिलो ज्वारी मिळे, तिच्या भाकरीचा रंग आणि चव त्या अजून विसरलेल्या नाहीत. पुढे कामावर सुकडी वाटायला लागले. त्या वर्षी घट बसवायचा की नाही यावर घरात बोलणं झालं. पाणी कोसभरावरून डोक्यावर आणायचं. त्यांच्या सासूबाईंनी घट बसवला. मिलो घटात पेरली नाही. फडक्यात बांधून आढ्याला टांगलेली मूठभर घरची मालदांडी खाली काढली. उपाशी घरानं ती मूठ खाल्ली नव्हती, कारण ती बियाण्याची होती. "माणसानं चूळ भरायची टाळली, पर घटाला पाणी घातलं," असं आत्या सांगतात. त्यात मला अंधश्रद्धा दिसत नाही. पुढच्या पेरणीवरचा विश्वास घरात कुठेतरी जिता ठेवायला हवा होता, आणि त्यासाठी त्यांच्याकडे ती इस्तारीवरची हातभर जागाच होती.

आमच्याकडची ज्वारी रब्बीची. हस्ताचा पाऊस पडून वाफसा आला की पेरणी होते, आणि बहुतेक वर्षी घट बसतात ते याच सुमारास. खरिपाचं पीक घराकडे यायला निघालेलं, रब्बीसाठी रान तयार झालेलं, आणि देवघरात आधीच एक पेरणी चाललेली. कुठलं धान्य जोमानं उगवलं यावरून जुनी माणसं यंदाच्या बियाण्याचा अंदाज बांधत. ती काही प्रयोगशाळा नव्हे, पण पेरणीच्या तोंडावर घरचं बी उगवतं की नाही हे नऊ दिवसांत डोळ्यांनी दिसे.

तुळजापुरात देवी युद्धाआधी झोपते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, जागची हलवता येते. भाद्रपद वद्य अष्टमीला तिला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. अमावस्येपर्यंत ती मंचकी निद्रेत असते, प्रतिपदेच्या पहाटे सिंहासनावर परत येते आणि मग घटस्थापना होते. त्या दिवसांत गावोगावची तरुण पोरं तुळजापूरहून ज्योत पेटवून घेतात आणि आळीपाळीनं पळत ती आपल्या गावी नेतात. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की देवी पुन्हा पलंगावर जाते ती थेट कोजागरी पौर्णिमेपर्यंत. त्या पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरची वाट चालणाऱ्या माणसांनी भरून जाते. जगन्मातेला दमायची मुभा देणारी ही रीत मला फार मोलाची वाटते. इतकी माणसं रांगेत उभी असतात, तरी पुजारी सांगतात, आई झोपलीय. आपल्या घरातल्या आईला असं कोणी झोपू देतं का, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

आता जे मला सलतं ते लिहिते. हा सण मातीचा, ओलीचा, गर्भाचा. आणि ज्या बाईच्या देहात ही सगळी घडामोड महिन्या-महिन्याला चालते, तिला पाळीच्या दिवसांत घटापासून दूर बसवलं जातं. आसामात कामाख्येला आषाढात अंबुवाचीचा उत्सव होतो. देवी रजस्वला आहे म्हणून देऊळ तीन दिवस मिटतं आणि नंतर लोक तिच्या दर्शनाला लोटतात. देवीची पाळी पूजनीय आणि सुनेची मात्र विटाळ, हे मला कधी पटलं नाही. नवरात्र जवळ आलं की औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मागायला येणाऱ्या बायका मी पाहते. कित्येकींनी डॉक्टरला विचारलेलंही नसतं. निसर्गाचा क्रम चालू द्यायचा हेच ज्या व्रताचं सार, त्या व्रतासाठी देहाचा क्रम अडवायचा! आमच्या घरी आता ज्या दिवशी ज्याला जमेल त्यानं घटाला पाणी घालावं, अशी रीत आहे. माझी मुलगी पाळीतही घालते. कोंब दर वर्षी येतात.

दुसरी गोष्ट विधवांची. मामंजी गेले त्यानंतरच्या नवरात्रात आत्या घटाशी आल्याच नाहीत. दाराशी बसून सांगू लागल्या, "माती अजून घाल. सातू कडंला टाक. कुंकू तू लाव, माझा हात नको." ज्या हातांनी चाळीसेक वर्षं घट बसवला, त्यांना नवरा गेला एवढ्यावरून अमंगळ कोणी केलं? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022मध्ये विधवांचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव झाले, पण देवघराच्या उंबऱ्यावर अजून फार थोडे पोचले आहेत. मी आत्यांना हाताला धरून आत आणलं तेव्हा त्या घाबरल्या होत्या. मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत ना, पेरणाऱ्यानं फक्त पेरायचं म्हणून? मग उगवणाऱ्याला ठरवू द्या." त्यांनी बराच वेळ माती चाळली. मग सावकाश दाणे सोडले, चिमटीतून, कडेनं, नेहमीसारखे. त्या वर्षापासून घट पुन्हा त्याच बसवतात.

एकनाथांनी जोगव्याचं रूपक केलं आणि परडी घेऊन आईकडे धान्याऐवजी बोध मागितला, द्वैत सोडण्याची भाषा केली. आमच्या गल्लीत मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायला येणाऱ्या बायकांना मूठभर पीठ घालताना मला तो जोगवा आठवतो. आपलं-परकं, शिवाशिव, सवाष्ण आणि विधवा हे भेद तसेच ठेवून परडी नुसती पुढे केली, तर तिच्यात पडायचं काय?

नवमीला शस्त्रं, विळे, खुरपी, शिलाई मशीन यांची पूजा होते. मुलाचा लॅपटॉपही पाटावर येतो. दसऱ्याला घट उठतात. टाक हलवले जातात, देवांना नऊ दिवसांनी अंघोळ घातली जाते आणि पुरणाचा नैवेद्य होतो. मग तुरे काढायचे. गावाकडे पुरुष ते टोपीत खोवून शिलंगणाला जातात, ग्रामदैवताला वाहतात, आपट्याच्या पानांबरोबर वडीलधाऱ्यांच्या हातावर ठेवतात. बायका वेणीत खोवतात. आमच्या घरी पहिला तुरा आत्यांना. त्या तो केसांत खोवत नाहीत, आधी मुळाकडून बघतात. मातीचा गड्डा उलटा करून मुळ्यांची जाळी चष्म्याजवळ धरतात. गेल्या दसऱ्याला त्यांनी करडईचा कोंब बाजूला काढला, गव्हाची मुळं बोटांनी सोडवली आणि म्हणाल्या, "गव्हाला पाणी जास्ती झालं यंदा. शाळू चांगला उतरलाय. गावाकडं फोन लाव, म्हणावं घरचंच बी पेरा, दुकानाचं आणू नगा. आन् ही माती टाकू नको कुठं, पुढच्या एसटीनं रानात धाडून दे."